पाकिटाच्या टोकाला राहिलेली साखर

जेजू बेटावर, आमच्या गावच्या पाणबुड्या बायांत यांग मालसुनचं नाव पहिल्या पाचांत यायचं. वय अठ्ठावन्न, पण दम असा, की ती बुडी मारून गेली की काठावरच्या माणसानं विडी शिलगावून निम्मी ओढावी, तेव्हा कुठं बाई वर यायची. वर आली की कोंडलेला दम सोडताना तोंडातून लांब शीळ. प्रत्येकीची शीळ निराळी असते. मालसुनची बारीक, शेवटाला जरा चढणारी. तिची जोडीदारीण को ग्योंगजा, तिची जाडीभरडी, फुटक्या पाव्यासारखी. तीस वर्षं दोघी एकमेकींचे जाळी अडकवलेले तरंगते तुंबे नजरेच्या टप्प्यात ठेवून पाण्यात उतरत होत्या. एकीचा तुंबा फार वेळ एकटाच तरंगत राहिला, तर दुसरीनं खाली जायचं. हे कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण दोघींना पक्कं ठाऊक होतं.

या मालसुनला तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. तिनं मुलाला सांगितलं, बाकी कुणालाच नाही. कारण साधं होतं. गावाजवळच्या उथळ पाण्याला आम्ही म्हाताऱ्यांचा समुद्र म्हणतो. ज्यांचा दम सरला, गुडघे गेले, त्या बाया तिथं कमरेभर पाण्यात शेवाळ आणि शंख वेचतात. दुखणं कळलं की आपली रवानगी तिकडेच, हे मालसुनला दिसत होतं.

गोळ्या लपवणं सोपं गेलं. पाण्यात उतरायच्या आधी सगळ्याच जणी डोकेदुखीची गोळी घेतात, त्यात हिची एक जास्त. अवघड होती ती कॉफी. काम आटपून बाया शेकोटीच्या आवारात जमल्या की ग्योंगजा पाकिटातली गोड कॉफी करायची, आणि पहिला पेला मालसुनच्या हातात. मालसुन कधी म्हणायची, “छातीत जळजळतं गं,” कधी नजर चुकवून खडकावर ओतायची.

या वसंतात डॉक्टरनं इन्सुलिनची सुई सुरू केली. म्हणाला, “सुई घेतली की जेवायचं.” आता आमच्याकडे समुद्रात जाणारी बाई पोटात अन्नाचा कण ठेवत नाही. डोकं खाली करून बुडी मारली की खाल्लेलं घशाशी येतं, हे पोरींना पहिल्याच दिवशी शिकवतात. मालसुननं मनाशी ठरवून टाकलं, जेवायचं म्हणजे पाण्यातून आल्यावर. सगळ्या तेव्हाच जेवतात. यात काही चुकतंय असं तिला वाटलंसुद्धा नाही. पहिला पंधरवडा समुद्र खवळलेला होता, कुणी उतरलंच नाही, ती घरी जेवत होती, म्हणून निभावलं.

सोळाव्या दिवशी पाणी निवळलं. मालसुननं न्हाणीघराचं दार लावून सुई टोचून घेतली आणि रिकाम्या पोटी निघाली. तासाभरानं तिला वाटलं, आज पाणी कोमट आहे. हात थरथरत होते, पण मन भलतंच खुशीत. वर आली तर शीळ निघेना. ओठांचा चंबूच होईना. तिला हसू आलं. समोर दोन तुंबे दिसत होते, दोन्ही आपलेच. लांबचा धरावा म्हणून ती पोहत निघाली, ती थेट उघड्या समुद्राकडे.

मागून कुणीतरी तिच्या कमरेचा शिशाचा पट्टा धरून खेचला.

“कुठं निघालीस? जपानला?” ग्योंगजा होती.

“माझा तुंबा... दोन आहेत...”

“तुझा तुंबा मागं राहिलाय. शीळ नाही, काही नाही. सकाळी सकाळी ढोसलीस का गं?”

तिनं मालसुनला ओढत काठाला आणलं. शेकोटीपाशी बायांची प्रमुख बू सामचुन बसली होती. वयानं मोठं कुणीही, बाई असो बाप्या असो, आम्ही सामचुन म्हणतो. हिचं वय चौऱ्याहत्तर. तिनं मालसुनचं तोंड हुंगलं.

“दारू नाही. थंडी भरलीय. झोपू द्या तिला.”

कुणीतरी अंगावर गोधडी टाकली. मालसुनला झोप गोड वाटत होती. पण डॉक्टरचं एक वाक्य डोक्यात कुठंतरी अडकून राहिलं होतं: हात थरथरले, घाम फुटला तर झोपायचं नाही, गोड खायचं.

“ग्योंगजा, कॉफी दे.”

“तीन वर्षं नको होती, आणि आज बरी आठवली?”

“दोन पाकिटं घाल. मला मधुमेह आहे. सुई घेतलीय, पोटात काही नाही.”

सतरा बाया होत्या तिथं. एरवी त्या आवारात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी एकीचा पाय रबरी कपड्यातून अर्धा बाहेर आला होता, तो तसाच हवेत राहिला.

कॉफी पोटात गेली, पाव तास झाला, आणि मालसुनला दोन ग्योंगजांची एक दिसू लागली. त्या एकीचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“म्हणून माझी कॉफी खडकावर ओतायचीस?”

मालसुन दचकली. “तुला माहीत होतं?”

“तपकिरी डाग राहायचा खडकावर. आंधळी आहे का मी? मला वाटलं, त्या मोठ्या शिंपलीवरून आपलं वाजलं होतं, ते तू धरून बसलीस. माझ्या हातचं तुला नको झालं. तरी रोज पहिला पेला तुलाच देत होते.”

कुठली शिंपली, हे मालसुनला आठवेनासुद्धा.

“आणि माझा पाय कपारीत अडकला असता तर?” ग्योंगजाचा आवाज बसला. “वर काढायला कोण होतं? तू. दोन दोन तुंबे दिसणारी. मी तुझ्या भरवशावर खाली जात होते गं.”

तीन वर्षं मालसुन आपल्याच जागेची काळजी करत होती. हा विचार तिला एकदाही शिवला नव्हता.

तिनं बू सामचुनकडे पाहिलं. म्हातारी काही बोलायच्या आत ग्योंगजाच म्हणाली, “सामचुन, हिला खोल पाण्यात सोडू नका. म्हाताऱ्यांच्या समुद्रात घाला.”

सतरांतली कुणीही असं म्हणेल, पण ही म्हणणार नाही, अशी मालसुनची खात्री होती.

“डॉक्टर हो म्हणेपर्यंत,” बू सामचुन म्हणाली. “आणि खाऊन उतरायचं. कमरेभर पाण्यात काही उलटून येत नाही.”

पुढच्या ओहोटीला मालसुन पेज पिऊन उथळ पाण्यात उतरली. ऐंशी वर्षांची एक आजी म्हणाली, “ये गं पोरी. इथं तूच धाकटी, आमच्या जाळ्या तू उचलायच्या.” लांबून खोल पाण्यातल्या शिळा येत होत्या. ग्योंगजा आज दुसऱ्या जोडीदारणीबरोबर होती. एकदा तिची शीळ उशिरा आली. ती ऐकू आली तेव्हा मालसुननं खाली पाहिलं. कमरेभर पाणी सोडून ती स्वतःच नकळत छातीभर पाण्यात जाऊन पोचली होती.

शेकोटीपाशी ग्योंगजानं सगळ्यांची कॉफी केली. मग एक लांबट पाकीट वरच्या टोकाला फाडलं. त्यात साखर तळाच्या टोकाला असते. ते टोक तिनं दोन बोटांत घट्ट दाबून धरलं आणि पाकीट पेल्यात उलटं केलं. कॉफी पडली, दुधाची पूड पडली, साखर आतच राहिली.

“असं करता येतं?” मालसुननं विचारलं.

“पाकिटावर लिहिलंय. तेव्हाच तोंड उघडलं असतंस, तर तीन वर्षं प्यायली असतीस.”

राहिलेल्या साखरेचं टोक तिनं दुमडलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि मालसुनच्या तुंब्याला घट्ट गाठ मारून बांधलं.

“शीळ बिघडली की ही खायची. आणि कॉफी पुन्हा खडकावर दिसली, तर तुलाच समुद्रात ओतीन.”

मालसुननं पेला तोंडाला लावला. कॉफी कडूजहर होती. तिनं थेंबही ठेवला नाही.