वजनाच्या दिवशी पाजलेलं पाणी

बायको जाऊन पाच महिने झाले. घरात मी अन् चौथीतली नात. धाकटा पोरगा अन् सून ऊसतोडीला जातात, म्हणून पोरगी आमच्याजवळच वाढली.

थोरल्याचा पोरगा पुण्यात, तोही चौथीत. मागच्या दिवाळीत दोघं अंगणात उभे राहिले तर ही जेमतेम त्याच्या खांद्याला लागली. मी हसलो. म्हणलो, "आपली पोरगी चिवट हाय."

बायको चिडली. "चिवट न्हाई, उपाशी हाय. दूध सगळं डेअरीला घालता, तुपाचा डबा पुण्याला. हिला काय, काळा चहा?"

दिवाळीनंतर शाळेत वजन-उंची घेणार होते. हलक्या लेकरांची यादी करून त्यांना खुराक देणार होते. मला लाज वाटली. दारात दोन म्हशी अन् नात यादीत? त्या सकाळी मी तिला दोन तांबे पाणी पाजलं अन् ड्रेसच्या आत दोन स्वेटर घातले.

दुपारी नाचत आली. "आबा, मी पास झाले!"

बायको म्हणली, "तू न्हाई, तुझा आबा पास झाला." महिनाभरानं ती गेली.

मग पोरगी जास्तच वाळत गेली. मला वाटलं, आजीचं दुःख. शेजारीण स्पष्ट बोलली, "काका, तुमी जेवून उठला की काकू आपल्या ताटातली भाकर हिला द्यायच्या. तुमाला काहून दिसलं न्हाई?"

मी कायम आधी जेवलो. टोपल्यात मागं काय उरतं ते कधी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो अन् मॅडमला सगळं सांगितलं. त्यांनी पोरीला काट्यावर उभं केलं. आकडा दोनदा बघितला. मग विचारलं, "सकाळी काय खाते ही?"

"खाती की, भाकर-बिकर," मी म्हणलो.

पोरगी म्हणली, "चहा. आजी होती तवा भाकर होती."

मॅडमनं तेच लिहून घेतलं. मी विचारलं, "उंची भरून निघंल का?"

"वजन येईल, आबा. उंचीचं आत्ताच सांगता येत नाही."

आता एका म्हशीचं दूध घरात राहतं. पोरगी जेवल्याबिगर मी ताटावर बसत नाही. हे आधी सुचलं असतं तर बायकोच्याही पोटात दोन घास जास्त गेले असते.