दौंडहून आलेलं कार्ड

गायकवाडमामा बिघडलेल्या कॉम्प्युटरला आधी हात लावत नसत. खुर्ची ओढून बसायचे, मशीन चालू करायला सांगायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. सगळी नोकरी त्यांनी दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले आणि आठवड्यातून दोनदा एस.टी.नं शिरूरला येऊन आमच्यासारख्यांची मशीनं बघू लागले. "मशीन खोटं बोलत न्हाई ताई," ते म्हणायचे. "माणूस बोलतो. म्हणून मी आधी मशीनला इचारतो."

शिरूरच्या स्टँडसमोर माझं फोटोंचं दुकान होतं. जुने, फाटके फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर नीट करायचं काम तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. भांडगावच्या हौसाबाईंनी नवऱ्याचा एकुलता एक फोटो आणला, काचेला चिकटलेला. काचेसकट स्कॅन केला, पण नंतर सोडवताना कागदाचा भुगा झाला. आता तो माणूस फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये उरला होता. रविवारी त्यांचा पहिला स्मृतिदिन. विहारात फोटो ठेवायचा होता.

शुक्रवारी सकाळी फोटोतल्या कपाळावरचा डाग पुसत होते. पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या आणि सगळं काळं झालं. परत चालू केलं तर नुसत्या शिट्ट्या. नशिबानं तो मामांचा शिरूरचा दिवस होता.

मामा आले, बसले, ऐकलं. "एक लांब, तीन आखूड. ग्राफिक्स कार्ड गेलं. पडद्यावर चित्र धाडतं ना, ते."

"आणि फोटो?"

"फोटो डिस्कवर असतो. डिस्क फिरतीय, ऐका. माणूस घरात हाय, दिवा तेवढा गेलाय."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"चालू असताना झाकून ठिवलं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

मामांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली. कार्डावरच्या चिमुकल्या पंख्यात माझ्या भरतकामाच्या कव्हरचा निळा दोरा गुंडाळला होता. त्यांनी तो चिमट्यानं सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"धूळ बसू नये म्हणून घातलं होतं," मी पुटपुटले.

"व्हय. समदीच घालत्यात."

तसलं कार्ड शिरूरात नव्हतं. पुण्याचा दुकानदार फोनवर पुढचा आठवडा सांगत होता. यवतला मामांच्या ओळखीचा एक जण होता, त्याच्याकडेही नव्हतं. मामांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "दौंडला एक हाय. उद्याच्याला पहिल्या गाडीनं आणतो."

शनिवारी ते रुमालात गुंडाळलेलं कार्ड घेऊन उतरले. "जुनं हाय. रंग फिकं दाखवंल, पर दाखवंल."

फोटो काळापांढराच होता. मामांनी कार्ड दाबून बसवलं, एकच छोटी शिट्टी वाजली आणि पडदा उजळला. फाईल उघडली. अर्धवट पुसलेल्या डागासकट तो चेहरा तसाच्या तसा समोर आला. माझे डोळे भरून आले, तसे मामा उठून दारात जाऊन गाड्या बघत राहिले.

उरलेला डाग पुसून मी फोटो छापला. संध्याकाळी हौसाबाई आल्या. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. "कपाळावर आठी व्हती त्येंच्या," त्या म्हणाल्या. "ती ठिवलीत. बरं केलंत."

पुढच्या आठवड्यात पुण्याहून नवीन कार्ड आलं. जुनं परत करायला मी दौंडला मामांच्या घरी गेले. पहिल्यांदाच. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. आत टेबलावर एक कॉम्प्युटर पेटीची एक बाजू उघडी टाकून बंद पडलेला होता.

"कार्ड आणलंत?" ती हसून म्हणाली. "माझ्या कोर्सची परीक्षा आलीय. बाबा म्हणाले, तवर वहीत लिहून काढ."

मामा आतून चहा घेऊन आले, कप माझ्यापुढे ठेवला, तोही नजर चुकवतच.

"मामा, तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं, तर घेतलं असतं का तुम्ही?" माझ्या हातातून कार्ड घेत ते खाली वाकले, ते जागेवर बसवलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. मुलीनं खुर्ची ओढली आणि अर्धा राहिलेला धडा उघडला.

त्यानंतरच मी पुढ्यातल्या चहाचा कप उचलला.