पेंढारी म्हणणारे गुरुजी

गुरुजींच्या तोंडी शिवी कधी आली नाही. होता तो एकच शब्द. पाटी फोडली की पेंढारी, आवारातल्या कच्च्या बोरांवर दगड भिरकावले की पेंढारी. बाभुळगावच्या शाळेत सातवीतले आम्ही सगळेच कधी ना कधी पेंढारी ठरलो होतो, आणि त्यात थोडा मानही वाटायचा.

अर्थ ते रंगवून सांगत. "पेंढारी फौजेच्या मागं फिरायचे. पगार नाही, लूट हाच पगार. चोर ऐवज उचलतो नि जातो. पेंढारी नेता येत नाही ते जाळून टाकतो." निबंधात कपाशीवर टोळ आले असं लिहिलं तर ते चालत नसे, टोळांचे पेंढारी उतरले पाहिजेत. मग आम्ही गारांना, वानरांना, मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्यांनाही पेंढारी करून टाकलं.

एका पाठात पेंढाऱ्यांचा सरदार आला. नाव मुसलमानी. गुरुजी भरात होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रशीदा, तुमच्या घरचेच का हे?"

वर्ग खदखदला. मधल्या सुट्टीत पोरं मागं लागली, "पेंढाऱ्याची पोर! तुह्या बापानं आज कोनाची सायकल लुटली व?"

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जाणं सोडलं.

बाजाराच्या दिवशी गुरुजी अब्बांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आले. गिऱ्हाइकांची गर्दी होती. ते उभ्यानंच म्हणाले, "उस्मानभाई, चूक माझी. पेंढाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. मला ठाऊक होतं, तरी बोललो. पोरीला पाठवा."

अब्बाच ओशाळले. "बसा ना गुरुजी. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या." मग मला म्हणाले, "तूही हसलीस ना गं? मला वाटलं, तुला चाललं."

"नसते हसले तर पोरं अजून हसली असती," मी म्हणाले.

 गुरुजी चहाला नको म्हणाले आणि गेले.

सोमवारी मी शाळेत गेले. वर्गासमोर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. कोणी हसलं नाही. पण त्यानंतर गुरुजींनी कुणालाच काही म्हटलं नाही. धडा वाचायचे, अर्थ सांगायचे, फळा पुसायचे. पोरं कुरकुरायची, "गुर्जी पयल्यासारखे नाई राह्यले." माझ्याशी बोलताना ते खिडकीकडे पाहत.

मी शिकले, मॅट्रिक झाले, नोकरीला लागले. गुरुजींची नेरच्या शाळेत बदली झाली, ती तशाच मुक्या चेहऱ्यानं. माझं काही चुकलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी इतका बोलका माणूस माझ्यापायी गप्प झाला, याची लाज मलाच वाटते.