साडूंचा लॅपटॉप घरी येतो

आमच्या थोरल्या साडूंइतकं घर आणि कचेरी यांच्यात कडक सोवळं पाळणारा माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात मिळायचा नाही. वाळूजच्या एका कारखान्यात ते हिशेब बघत. कंपनीच्या नेटसाठी लॅपटॉपमध्ये ठरावीक आकडे भरावे लागत आणि ते घरी चालत नसत. म्हणून रोज संध्याकाळी ते काढायचे, रोज सकाळी पुन्हा भरायचे. दुसरा कोणी वैतागला असता. साडू मात्र आधी चपला काढत, पाय धूत, पायजमा चढवत आणि मग लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याला ‘घरचा’ करत. तोवर अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, चहाचं आधण ठेवायचं नाही. हे सगळं एका बटणात आपोआप होतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. तर म्हणाले, “आपोआप? चपला काढल्याबिगर मलाच कळत नाय मी घरी आलो म्हणून, त्याला काय कळतंय!” अशा माणसाशी वाद कोण घालणार?

एका सकाळी मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. क्रांती चौकात त्यांना आठवलं, की लॅपटॉप घरच्याच सेटिंगवर राहिला. तसाच घेऊन कंपनीच्या दारात शिरणं त्यांना बरं दिसेना. भर रहदारीत स्कूटर कडेला लावून, सीटवर लॅपटॉप उघडून गडी आकडे भरू लागला. हवालदार आला. “क्या चाचा, इधरिच ऑफिस खोल दिये क्या?” साडू मान वर न करता म्हणाले, “ऑफिस नाय हो, घर बंद करतोय.” मी पानटपरीकडं तोंड करून उभा राहिलो.

पुढं सुनेच्या बाळंतपणाला अक्का बेंगळुरूला गेल्या. बाळ सव्वा महिन्याचं झालं की येते म्हणाल्या होत्या. नात चालायला लागली, तरी आल्या नाहीत. सून नोकरीवर जाणार, मग पोरीला बघणार कोण? साडूंचा फोन बटणांचा, त्यामुळं एकमेकांना बघायचं ते संध्याकाळी लॅपटॉपवर. हळूहळू तेही थांबलं. अक्कांनी मला फोन केला, “रोज म्हणतात, कंपनीचं काम चालूय, लॅपटॉप कंपनीवरच आहे. जरा बघून या ना.”

गेलो. साडू पँट-शर्टातच बसले होते. समोर लॅपटॉप उघडा, कंपनीच्या आकड्यांवर, म्हणजे घरात मुका. काम कसलंच नव्हतं. घरचं सेटिंग करून देऊ का, विचारलं.

“नको. घरचं केलं की त्या दोघी दिसत्यात. नात काचेला हात लावती. मग ते बंद झालं की घर लई मोठं होतं, साडूभाऊ.”

मला फार वाईट वाटलं. रागही आला, कोणाचा ते कळेना. मी चहा केला. तो बिघडला होता, त्यांनी निमूट प्यायला.

निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं तोच जुना लॅपटॉप त्यांना देऊन टाकला. आता इथं राहायला निमित्त उरलं नव्हतं. घराची किल्ली माझ्याकडं देऊन ते बेंगळुरूला गेले. गाडीत बसवताना मी म्हणालो, “सुटलात. आता रोजची बदलाबदली नाही.”

परवा लॅपटॉपवरून त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला. मागं अक्का नातीला वरणभात भरवत होत्या. “मग, झाला का घरचा?” मी विचारलं.

त्यांनी आवाज खाली आणला. “इथं दोन नेट हायेत. एक पोरा-सुनेचं. त्यांच्या कामाचं असतंय, ते कुणाला देत नायत. मला गेस्टचं, म्हंजे पाव्हण्यांचं, जोडून दिलंय. चांगलं चालतंय, तक्रार नाय.”

“माझा फोनपण त्याच्यावरच की,” अक्का मागून म्हणाल्या. “आल्यापासून.” घास कालवताना सहज सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

साडूंनी एकदा वळून अक्कांकडं पाहिलं. मग म्हणाले, “साडूभाऊ, तिकडं आमच्या घरचं नेट तेवढं बंद करू नका.”

चालू ठेवतो म्हणालो. कोण वापरणार, हे मी विचारलं नाही.