बरणीत न पडलेली दाढ

"हिची एक दाढ काढून टाका, डॉक्टर. दुधाचीच आहे," असं म्हणत शिबिराच्या अध्यक्षांनी आठ वर्षांच्या फिलोमिनाला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. मागे तिचा बाप आंतोन उभा होता. साल ऐंशीच्या आसपासचं. गास गावातल्या शाळेत त्यांच्या मंडळाचं मोफत दंत शिबिर चाललं होतं आणि वसईतला दवाखाना बंद ठेवून मी तिथे गेलो होतो.

शिबिर म्हणजे नुसतं दात उपटणं. फिलिंगची सोय करू या, असं मी आधी सुचवलं होतं. त्यात वेळ जातो, असं उत्तर आलं. उपटलेले दात मात्र स्टेजवर काचेच्या बरणीत साठत होते, कारण संध्याकाळी प्रमुख पाहुण्यांना ती दाखवायची होती. बरणी लोणच्याची होती. निदान धुतलेली असावी.

मी आरसा घालून पाहिलं. खालची दाढ किडली होती, पण कीड आतल्या नसेपर्यंत पोचली नव्हती. खाचेत सुकेळ्याचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्याचा, चिकट तुकडा. आंतोनची केळीची वाडी होती, सुकेळी घरीच वाळवलेली, आणि पोरगी ती दिवसभर चघळायची. वरून साखर घालत नाही, मग दात किडतील कसे, हे त्याचं शास्त्र.

"ही काढणार नाही. कायमची दाढ आहे," मी म्हणालो.

"एवढ्याशा पोरीला कायमची?" अध्यक्ष हसले. "आम्हीही पोरं वाढवलीत, डॉक्टर."

वाढवली असतील. पोरांच्या तोंडात कधी पाहिलेलं दिसत नव्हतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळत नाही. मग तिलाही दुधाचीच समजतात.

आंतोन म्हणाला, "काढा ना डॉक्टर. केळ तोडली तरी बाजूला नवा कोंब, मुनवा फुटतोच."

अध्यक्षांनी मान डोलावली. वाडीचा नियम तोंडाला लावून दोघे मोकळे. मी आंतोनला सांगितलं, दुधाचे दात मधोमधपासून एका बाजूला पाचच असतात, आता तूच मोज. त्याने मोजले. किडलेल्या दाढेवर बोट आलं, ती सहावी निघाली.

"हिला मुनवा नाही," मी म्हणालो. "गेली की जागा रिकामी."

आंतोनने तिच्या तोंडातून बोट काढलं. मग "चल बाय" म्हणून त्याने पोरीला खाली उतरवलं. अध्यक्षांचा चेहरा पडला. "तुमच्या टेबलामुळे आमचा आकडा खाली येतोय," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात आंतोन तिला वसईला घेऊन आला. मी दाढ कोरून साफ केली, चांदी भरली. सुकेळी सोडा, असं सांगितलं नाही. ते कोणी ऐकलं नसतं. जेवणाबरोबर खायची, वर चूळ भरायची, झोपताना ब्रश करायचा, एवढंच.

शिबिराच्या संध्याकाळी ती बरणी पाहुण्यांनी हातात धरली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी मला बोलावणं नव्हतं. फिलोमिना दहावीत असताना तपासायला आली, तेव्हा ती दाढ चांदीसकट जागेवर होती.

त्याच सुमारास अध्यक्षही आले, गाल धरून. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "डॉक्टर, काय वाटेल ते करा, पण काढू नका हां."

मी त्यांचीही दाढ वाचवली. दुसऱ्याच्या तोंडातली दाढ नेहमी दुधाचीच असते.