वहिनींची सतरंजी

अख्ख्या मंठा तालुक्यात आमच्या थोरल्या वहिनींइतकी हट्टी बाई झाली नाही. मी बाजार समितीत आयुष्यभर हिशेब लिहिले, वाढवून सांगायची मला सवय नाही. उलट या वाक्यातून थोडं वजाच केलं आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू इतरांकडे रथसप्तमीला संपतं. वहिनींचं आषाढातही चालू असायचं. तिळगूळ संपला की शेंगदाण्याचे लाडू, तेही संपले की नुसता चहा. विधवांना, नवऱ्याने टाकलेल्यांना, सगळ्यांना आवतण. दादांनी एकदा भीत भीत विचारलं, आज कोणता सण? वहिनी म्हणाल्या, "बाया आल्या की सण."

खरं कारण त्यांनी मला सांगितलं. "भावजी, मीटिंगला जाते म्हणलं की नवरा धा सवाल करतो. हळदीकुंकवाला जाते म्हणलं तं कोणी न्हाई विचारत." अशीच त्यांच्या ओसरीवर दारूबंदीची पहिली सभा झाली आणि तिच्यातून तालुक्याची महिला संघटना उभी राहिली. शाळेत शिकवणाऱ्या एका लाजऱ्या बाईला वहिनींनी पाठीत धपाटा घालून भाषणाला उभं केलं. तीच पुढे अध्यक्ष झाली.

नव्वद सालाच्या आसपास अध्यक्षबाई कुठल्याशा शिबिराहून ठराव घेऊन आल्या. हळदीकुंकू ही गुलामीची खूण, ते करणारीला संघटनेत जागा नाही. विरोधात एकट्या वहिनींचा हात. त्या दिवसापासून त्यांना निरोप येणं बंद झालं. वहिनी रस्त्यात दिसल्या की बाया दुकानातल्या बरण्या न्याहाळू लागायच्या. तरी त्या एकही बैठक चुकवत नसत. घरची सतरंजी बैठकीच्या दाराबाहेर पसरून बसायच्या, आतल्या प्रत्येक ठरावाला बाहेरून हात वर करायच्या, घोषणेची चाल चुकली तर तिथूनच दुरुस्त करायच्या. घरी मात्र अर्ध्या ताटावरून उठायच्या. ओसरीही झाडेनाशा झाल्या, तेव्हा मला काळजी वाटली.

पुढे घनसावंगीकडच्या एका गावाने, नवऱ्याविरुद्ध फिर्याद दिली म्हणून, एका बाईला वाळीत टाकलं. संघटना जीप भरून निघाली. मागून भाड्याच्या जीपने वहिनी आणि मी. मी एवढ्याचसाठी, की सतरंजी जड होती. पारासमोर गाव जमलं. अध्यक्षबाई कडाडल्या, एका बाईला असं एकटं पाडायला लाज कशी वाटत नाही? वहिनींनी त्या बाईशेजारी सतरंजी पसरली, तिला वर घेतलं आणि म्हणाल्या, "बराबर बोलून राह्यली पोरगी. फक्त मोजताना चुकली. आम्ही दोघी आहोत."

पुरुषांना काही उमगलं नाही. संघटनेच्या बाया मात्र खाली बघू लागल्या. अध्यक्षबाई थांबल्या. मग त्यांनी चपला काढल्या.

"सरका थोडं, काकू."

"आधी भाषण पुरं कर," वहिनी सरकत म्हणाल्या.

ते त्यांनी बसूनच पुरं केलं. एकेक करून सगळ्या येऊन दाटीवाटीने बसल्या, आणि ऊन उतरताना गावातल्याच दोघी त्या बाईसाठी पाण्याची कळशी घेऊन आल्या.

तो ठराव कोणी मागे घेतला नाही. पण पुढच्या संक्रांतीला अध्यक्षबाई ओसरीवर आल्या. त्यांनी कुंकू लावून घेतलं नाही, वहिनींनीही करंडा पुढे केला नाही. शेंगा फोडत दोघी दिवे लागेपर्यंत भांडल्या.

आता वहिनींचे गुडघे त्यांना खाली बसू देत नाहीत. बैठकीत त्यांना खुर्ची मिळते. सतरंजी मात्र अजून मीच वाहतो, आणि ज्या दोघींचं बिनसलं असेल त्यांना वहिनी तिच्यावर शेजारी शेजारी बसवतात. मागच्या खेपेला कोणाचंच बिनसलेलं नव्हतं, ती रिकामीच राहिली. मी गुंडाळायला वाकलो, तर वहिनी हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भावजी. येईल कोणीतरी."