मामंजींच्या ताकदीच्या गोळ्या

मी लग्न होऊन कुंभार पिंपळगावला आले, तेव्हा माझे सासरे साठीला टेकले होते आणि आपण पंचविशीचे आहोत, असं त्यांचं ठाम मत होतं. त्याचं सगळं श्रेय ते आठवडी बाजारात बसणाऱ्या औषधवाल्याला द्यायचे. त्याच्या काळ्या गोळ्यांत भांग होती, धोतऱ्याचं बी होतं आणि सोमल नावाच्या विषाची राख. सकाळी दुधाबरोबर एक गोळी गेली, की मामंजींचे डोळे चकाकायचे आणि ते गल्लीत कुणाच्याही दंडाला दंड लावायला जायचे.

दोन वर्षांत त्यांचे पाय सुजले. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून झोपायचे. शेवटी सासूबाईंनी गाडी जुंपायला लावली आणि आम्ही दोघी त्यांना वाटेत मुक्काम करत जालन्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर उर्दू बोलणारे. बराच वेळ छाती ऐकून म्हणाले, "गोलियाँ बंद करो, चाचा. जहर है. दिल का पट्ठा ढीला पड गया है."

मामंजी ताडकन उठले. "कोन पठ्ठा ढिला पडला? काढा आखाड्यात!" एवढं बोलतानाही त्यांना दोनदा दम घ्यावा लागला.

मग डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. पट्ठा म्हणजे स्नायू, आणि हृदय म्हणजे एक स्नायूच. विषानं तो थकलाय. गोळी सुटली, मीठ कमी केलं, तर जरा सावरेल.

गोळी सोडायला मामंजी बिलकुल तयार नव्हते. घरी आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "डबी आन त्येंची." आतल्या गोळ्या आम्ही खोल खड्ड्यात पुरल्या. मी कारळं भाजून वाटली, त्यात गूळ आणि सुंठ घातली आणि हुबेहूब तशाच काळ्या गोळ्या वळल्या. पुढं बाजारातून नवा माल आला, की तोही आम्ही गुपचूप असाच बदलायचो.

सुरुवातीला ते कुरकुरले, "औंदाचा माल नरम हाये." पण हळूहळू सूज उतरली. दिवाळीपर्यंत आडवे झोपू लागले. मग काय! "गोळीनंच वाचलो, डाक्टरला काय कळतंय," म्हणत त्यांनी आपल्या चार दोस्तांनाही गोळ्या वाटायला सुरुवात केली. मी पाच म्हाताऱ्यांची ताकद पाट्यावर वाटत होते.

एका बाजाराला त्यांनी औषधवाल्याची तोंडभरून तारीफ केली. त्यानं खूश होऊन आणखी जहाल पुडी दिली. ती पाहिल्यावर सासूबाईंनी हिसकावून चुलीतल्या राखेत कोंबली.

"तुमची ताकद ह्या पोरीनं वळलीय, त्या मेल्यानं न्हाई!"

मामंजी आठ दिवस रुसून ओसरीवरच जेवले. नवव्या दिवशी एक दोस्त गोळी मागायला आला, तेव्हा ओसरीवरून हाक आली, "सूनबाई, चार दे ह्याला. आन् गूळ जरा बेतानं घाल."

ते पुढं बरीच वर्षं जगले. हृदय मात्र पहिल्यासारखं झालं नाही. मळ्याकडे जाताना अर्ध्या वाटेत दम घ्यायला थांबावं लागायचं. तेवढ्यात कुणी दिसलं, तर परक्याच्या बैलाचे दात मोजत असल्यासारखं करायचे. बैल नसला, तर बाभळीकडे बघायचे.